गौरीच्या पेपरवरचा पहारा

सळया तोडायचा पगार घेतो मी. कुणाला सांगितलं की हसतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. जालन्याच्या एमआयडीसीत सळया तयार करणाऱ्या ज्या रोलिंग मिल आहेत, त्यातल्या एकीच्या लॅबमध्ये मी हेल्पर आहे. मिलचं नाव लिहीत नाही. नोकरी अजून चालू आहे आणि चालू राहावी अशी इच्छा आहे.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावायचं तर असं. भट्टीत एका वेळी जेवढं लोखंड वितळतं त्याला आम्ही हीट म्हणतो. हीट म्हणजे एक घाणा. त्या घाण्याचे लांब ठोकळे ओततात, ठोकळे पुन्हा तापवून रोलरांमधून काढले की सळया होतात. प्रत्येक हीटमधला एक तुकडा कापून लॅबला येतो. मशीनच्या दोन जबड्यांत तो धरायचा आणि दोन्हीकडून ओढायचा. सळई सुरुवातीला काहीच दाखवत नाही. मग हळूच लांबते, एका जागी बारीक होते आणि तिथंच तुटते. आवाज असा होतो की नवा माणूस खाली बसतो. मी बसलो होतो. किती जोरावर तुटली, तुटण्याआधी किती लांबली, हे साहेब बघतात. मी धरतो, सोडतो आणि तुकडे उचलतो.

गिऱ्हाईक सहसा लॅबपर्यंत येत नाही. एकदा कुंभार पिंपळगावचे एक गृहस्थ आले. घर बांधायला काढलं होतं, स्लॅब तोंडावर आला होता. हातभर सळई टॉवेलात गुंडाळून एसटीनं घेऊन आले आणि गेटवर बसून राहिले. माझ्यासमोर तोडा, म्हणाले. आमचे साहेब, मुळे त्यांचं आडनाव, त्यांना लोकांना नाही म्हणायला जमत नाही. त्यांनी आत बोलावलं. मी सळई लावली, ओढली, तुटली.

त्या बाबांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

“म्हंजी तुटतीच की ही.”

साहेबांनी सांगितलं की तुटेपर्यंत ओढली म्हणून तुटली, किती जोर लागला तो आकडा बघा. बाबा म्हणाले, आकडा तुमचा, तुटल्याली मात्र म्या माझ्या डोळ्यांनी बघितली. तुकडे टॉवेलात बांधून निघून गेले. पंधरवड्यानं परत आले ते पिशवीभर मोसंबी घेऊन. स्लॅब ओतून झाला होता, आमच्याच सळयांचा. साहेबांनी विचारलं, कसा काय विश्वास बसला? तर म्हणाले, जालन्यातली सगळी दुकानं फिरलो, दुसऱ्या कुणी तोडून दाखवायची तयारीच न्हाई दाखवली.

आता एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पहिला तुकडा फेल गेला म्हणून सगळी हीट लगेच फेकत नाहीत. त्याच हीटमधले आणखी दोन तुकडे घेतात. दोन्ही पास झाले तर माल जातो. दोघांतला एकही फेल गेला तर सगळा माल परत भट्टीत. माझ्याबरोबर तुकडे कापणारा लक्ष्मण म्हणतो, एकाच्या गुन्ह्याला दोघं जामीन. साहेब या नियमाला देवासारखं मानतात.

मला मात्र सुरुवातीला या नियमाचा रागच यायचा. सळईला पुन्हा विचारतात आणि मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

मी इथला नाही. भंडारा जिल्ह्यात लाखांदूरकडं, धानाच्या मुलखात माझं गाव आहे. इतक्या वर्षांत बोली इथली झाली, पण इथून घरी जायला दिवस मोडतो. आठवीत शाळा सुटली. नापास होऊन नाही, हे कुणी विचारत नसलं तरी मी सांगतो. वर्गात दुसरा होतो आणि विज्ञानाच्या गुरुजींचा लाडका होतो. माझा मामा इथं मिलमध्ये भट्टीवर होता. एका दिवाळीला तो गावी आला आणि जाताना मला घेऊन आला. एवढीच गोष्ट आहे. त्यात कुणी दुष्ट नाही.

तेव्हापासून हेवा हा माझा रोग आहे. लक्ष्मण रोज संध्याकाळी मोटारसायकलला किक मारून घरी जातो आणि सकाळी येऊन बायकोच्या भाजीला नावं ठेवतो, मला त्या भाजीचाही हेवा वाटतो. रस्त्यानं दप्तर घेऊन जाणारी पोरं तर मी बघतच नाही, दुसरीकडं तोंड करतो.

दुसरा रोग भीतीचा. मी आधी रोलरवर होतो. तिथं लाल सळई कधी कधी वाट सोडून सापासारखी उसळते. एकदा माझ्या पोटरीला चाटून गेली. बरा होऊन आलो तर जागेवर दुसरा माणूस लागलेला. मुळे साहेब लॅबचे इन्चार्ज. त्यांनी मला गेटवर उभा पाहिलं, काय झालं ते विचारलं आणि लॅबमध्ये नेलं. आजचं माझं ताट त्यांच्यामुळं आहे. पण तेव्हापासून असं झालंय की साहेबांनी ‘दिनकर, जरा इकडं ये’ म्हटलं की मला वाटतं, झालं, काढलं आपल्याला.

त्या दिवशीही त्यांनी असंच बोलावलं. काढलं नाही. म्हणाले, रविवारी दुपारी घरी येशील का?

साहेबांना एकच मुलगी, गौरी. बारावीनंतर तिनं डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिली होती. मार्क वाईट नव्हते, पण एमबीबीएसला लागतात तेवढे नव्हते. आयुर्वेदाला मात्र नंबर लागला होता. आता प्रश्न असा की ती सीट घ्यायची, का ती सोडून वर्षभर घरी अभ्यास करून परीक्षा पुन्हा द्यायची. रिपीट म्हणतात त्याला. साहेबांचा ओढा रिपीटकडं. वहिनींचं म्हणणं, हातातली सीट सोडणं म्हणजे येडेपणा. प्रवेशाची तारीख जवळ येऊन राहिली होती. घरात जेवणं मुकाट्यानं चालली होती.

तेव्हा साहेबांनी लॅबवाल्याच्या डोक्यानं तोड काढली. पहिला तुकडा फेल गेला ना, मग नियमानं आणखी दोन घ्यायचे. दोन रविवार, दोन कोरे सराव पेपर, घरीच, पण खऱ्या परीक्षेसारखे. मार्कांची रेष त्यांनी आधीच ठरवली. दोन्ही पेपरांत रेषेच्या वर गेली तर रिपीट. एकात जरी खाली राहिली तर आयुर्वेद. मग कुणी काही बोलायचं नाही.

पहाऱ्याला कोण बसणार? वहिनी बसल्या तर मध्येच शिरा घेऊन येतील. साहेब बसले तर पोरगी पेपर सोडून त्यांच्याच तोंडाकडं बघत राहील. शेजारी एक प्राध्यापक राहतात, ते नजरेनं उत्तर सांगतील. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “दिनकरला बसवू. त्याला त्यातलं काहीच कळत न्हाई, मंग सांगायचा प्रश्नच येत न्हाई.”

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं, हे मला पक्कं माहीत आहे. लॅबमध्येही तुकडा कापणाऱ्याला माल कुणाकडं जाणार ते सांगत नाहीत. मी हो म्हणालो. पण त्या रात्रीची भाकर काही गोड लागली नाही.

पहिल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गौरीच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, पाठीला गादी असलेली खुर्ची, डोक्यावर पंखा, भिंतीभर पुस्तकं. मी दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. शिट्टीनं पोरीचं लक्ष जाईल म्हणून वहिनी आमच्यासमोर कुकर उचलून शेजारच्यांच्या गॅसवर लावायला घेऊन गेल्या. साहेब चपला हातात घेऊन चालत होते. एका पोरीनं तीन तास लिहावं म्हणून अख्खं घर पाय न वाजवता चालून राहिलं होतं. मी ते बघत होतो आणि मला त्या कुकरचाही हेवा वाटत होता.

पेपर इंग्रजीत होता. अक्षरं मला लागतात, अर्थ लागत नाही. पण एका पानावर फुलाचं चित्र होतं, मधून उभं कापलेलं. ते मी दारातून ओळखलं. आमच्या गुरुजींनी जास्वंदीचं फूल ब्लेडनं कापून प्रत्येकाच्या हातावर ठेवलं होतं आणि आतल्या एकेका भागाला बोट लावून नाव सांगितलं होतं. नावं गेली. बोट लक्षात राहिलं. गौरीनं ते चित्र क्षणभर पाहिलं, एक गोल काळा केला आणि पान उलटलं. माझ्याकडं जे एवढं जपून ठेवलेलं होतं, ते तिचं एका क्षणात झालं. त्या वेळी मला ती पोर आवडली नाही. खोटं कशाला लिहू?

पेपर झाल्यावर मात्र तिनंच विचारलं, काका, कंटाळलात ना? मी नाही म्हणालो.

रेषेच्या पुष्कळ वर गेली ती. सोमवारी साहेब लॅबमध्ये शीळ घालत आले आणि म्हणाले, दोनातला पहिला तुकडा पास. मिलमध्ये गोष्ट पसरायला काय लागतं. लक्ष्मणानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर माझ्यापुढं मनगट धरलं.

“डाक्टरसाहेब, जरा नाडी बघा. दोन दिसापासून काम करू वाटंना गेलंय.”

सगळे हसले, मीही हसलो. त्याच आठवड्यात साहेबांचा रिकामा डबा द्यायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींनी मला दारातच थांबवलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. आयुर्वेद काय वाईट आहे का, दिनकरभाऊ, तुम्हीच सांगा ना साहेबांना, म्हणाल्या. मी मान हलवली. साहेबांना सांगणारा मी कोण? पुढच्या रविवारी पोरगी पुन्हा वर गेली तर सोमवारी सीट सोडून द्यायची, असं ठरून गेलं होतं.

दुसऱ्या रविवारी साहेबांनी पाकीट फोडून पेपर दिला आणि दार लोटून घेतलं. मी माझ्या खुर्चीवर बसलो. थोड्या वेळानं मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. पानांचा आवाजच येत नव्हता. मान लांब करून पाहिलं, तर प्रश्नांची पुस्तिका मिटलेली होती, तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवलेला होता आणि गौरी उत्तराच्या कागदावरचे गोल एकापाठोपाठ काळे करत चालली होती. रांगोळीत रंग भरतात तसे, घाई नाही, काही नाही.

बोलायचं नाही असा मला हुकूम होता. मी दोनदा खाकरलो. शेवटी बोललोच.

“गौरी, पुस्तक उघडलं न्हाईस तू.”

“काका, पप्पांनी तुम्हाला बोलायचं नाही सांगितलंय.”

“न वाचता गोल करून राह्यलीस.”

तिनं पेन खाली ठेवलं. माझ्याकडं वळली नाही, खिडकीकडं बघूनच बोलली. मागच्या रविवारी तिनं पेपर मनापासून सोडवला होता. आपल्याला येतं का नाही, हे तिला स्वतःला बघायचं होतं. येतंय, हे कळलं. पण आणखी एक वर्ष या खोलीत काढायचं नाही, हेही त्याच दिवशी कळलं. दोन वर्षं याच खिडकीतून समोरची टाकी बघितली होती तिनं. तिला आयुर्वेदाला जायचं होतं, आत्ता, या वर्षी.

“मंग साहेबांना सांग की तसं.”

“तोंडावर नाही जमत काका. त्यांचं तोंड बघितलं की मी होच म्हणते. तुकडा फेल गेला की ते गप बसतील. नियम त्यांचाच आहे.”

माझं डोकं सटकलं. ती काय म्हणत होती ते मला पुरतं ऐकूही आलं नाही. मला दिसत होती ती खुर्ची, तो पंखा आणि तो कागद.

“ज्याला ही खुर्ची कधी मिळाली न्हाई, त्याला दारात बसवून तू ती लाथाडून राह्यलीस,” मी म्हणालो. “तुला काय कळायचं.”

पोरगी रडेल असं वाटलं. ती उठली.

“मग तुम्ही बसा. खरंच बसा काका, मला नकोय ती.”

आणि मी बसलो. आता लिहितानाही कान गरम होतात, पण बसलो. गादी मऊ होती. टेबलाची उंची अशी की हात आपोआप त्याच्यावर येतात. मी ग्लास बाजूला केला, पुस्तिका उघडली आणि फूल शोधायला लागलो. या पेपरात फूल नव्हतं. गौरी दारातल्या माझ्या खुर्चीवर बसली होती, पाय वर घेऊन.

“तुम्हाला शाळा सोडायची नव्हती?” तिनं विचारलं.

“न्हवती.”

“मग सांगितलं का नाही घरी?”

“कुणी विचारलंच न्हाई मला.”

तिनं टेबलावरच्या पेपराकडं बोट केलं. “मला तरी कुणी विचारलंय? पेपर घेतले दोन.”

 तेवढ्यात दार उघडलं. साहेब माझ्यासाठी चहा घेऊन आले होते. त्यांनी काय पाहिलं असेल याचा विचार करा. परीक्षेला मी बसलेलो आणि मुलगी माझ्यावर पहारा करून राहिलेली.

मी असा उठलो की खुर्ची मागं पडली. डोळ्यांसमोर मिलचं गेट आलं, बंद झालेलं. साहेबांनी टेबलावरचा कागद पाहिला, ग्लासचा ओला गोल उमटलेली पुस्तिका पाहिली, आणि माझ्याकडंच पाहिलं. पोरीकडं नाही.

“दिनकर, पेपर झाला का बराबर?”

पहारेकरी मी होतो, उत्तर मलाच द्यायचं होतं. हो म्हटलं तर मुद्दाम फेल पाडलेल्या तुकड्यावर माझी साक्ष. नाही म्हटलं तर पोरीचं गुपित उघडं. एकीकडं माझ्या ताटाचा धनी, दुसरीकडं ती, जिचा मला दोन रविवार हेवा वाटत होता. मी पडलेली खुर्ची उचलून सरळ करायला लागलो.

“पेपर मी दिलाच नाही, पप्पा,” गौरी म्हणाली. ती उभी राहिली होती, प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. “गोल नुसते भरलेत. मला रिपीट नाही करायचं. मला आयुर्वेदाला जायचंय.”

“येत न्हाई म्हणून?”

“येतं. तुम्ही बघितलंत मागच्या रविवारी.”

 चहाचा कप साहेबांच्या हातात तसाच होता, बशीत चहा सांडलेला. मला वाटलं आता आवाज होणार. सळई ओढत आली की लॅबमध्ये आम्ही सगळे जसे श्वास धरतो, तसा मी धरला होता.

“मंग हे तोंडानं सांगायचं ना,” साहेब म्हणाले.

“आता सांगितलं.”

ते पलंगाच्या कडेवर बसले. ‘बरं’ म्हणाले आणि चहा मला द्यायचा विसरून स्वतःच पिऊन टाकला. बाहेर वहिनी शेजारून आणलेला कुकर हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण दाराच्या आत पाय टाकला नाही.

सोमवारी भीतभीतच कामावर गेलो. मला कुणी काढलं नाही. त्या आठवड्यात एक हीट फेल गेली, तर साहेब जरा थांबले, माझ्याकडं बघून हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, दोन तुकडे आण. मला वाटलं, सळईला तोंडानं विचारायची सोय नाही, तिला ओढावंच लागतं.

गौरी आता आयुर्वेदाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की लॅबमध्ये डोकावते आणि लक्ष्मणाची नाडी खरोखर बघते. मला काका म्हणते, माझी पोटरी दुखते का विचारते, तेल पाठवते. मी तिचा आभारी आहे आणि मला अजून तिचा हेवा वाटतो. पण आता खुर्चीचा वाटत नाही, पुस्तकांचा नाही, कुकरचाही नाही. चार वाक्यं बोलली ती, आणि बापाच्या तोंडून ‘बरं’ निघालं. त्या चार वाक्यांचा वाटतो.

त्या रविवारी साहेबांच्या घरून निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. खोलीवर न जाता वाटेतल्या लिंबाखाली थांबलो आणि गावी फोन लावला. माझे बाबा आता थकलेत, पण फोन स्वतः उचलतात. जेवला का, तिकडं पाणी आहे का, हे त्यांचं नेहमीचं विचारून झालं. मी सांगितलं की आज आमच्या साहेबांची पोरगी माझ्यासमोर बापाला नको म्हणाली. तिला घरी बसून पुन्हा परीक्षा द्यायची नव्हती.

“आयकला का बापानं?” बाबांनी विचारलं.

“ऐकलं.”

पलीकडं बाज करकरली, ते उठून बसले असावेत.  मग म्हणाले, “तू मामाच्या मांगं पिसवी घेऊन उभा होतास. हासत होतास. आमाले वाटला, पोराले जायाचाच आहे.”

मी लिंबाच्या बुंध्याला टेकलो.

“नोको म्हनून पाहाचा होतास, बाबू,” बाबा म्हणाले.